चंद्र तुमचा, गुरू माझा

मामा,

शुक्रवारी तुमचा तेरावा झाला. आज सोमवार. प्रार्थना झाली, हजेरी झाली आणि आठवीच्या तासाला प्रयोगशाळेचं कुलूप मीच काढलं, कारण तुमच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. आत सगळं तुम्ही त्या शनिवारी ठेवून गेलात तसंच होतं. बीकर उपडे घातलेले. हात पुसायचं फडकं खिडकीच्या गजावर टाकलेलं, ते वाळून कडक झालेलं. मुली माझ्या मागे दारातच थांबल्या. मी विचारलं, "काय झालं गं?" एकजण हळूच म्हणाली, "बाई, मामा आत नसले तर कुणी जायचं नाही, असं मामांनीच सांगितलंय."

तो तास मी वर्गातच घेतला.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आपल्या मुख्याध्यापिकांनी, शाळेच्या अंकासाठी तुमच्यावर चार ओळी मागितल्या होत्या. बिराप्पा, प्रयोगशाळा सेवक, राहणार सांगोल्याच्या वाटेवरची मेंढपाळांची वस्ती, मागे पत्नी हौसाबाई. ते मी लिहून दिलं. अर्ध्या पानात बसलं. हे त्यात बसणारं नव्हतं, म्हणून वेगळं लिहिते आहे. तुमच्याशी एक वाद अर्धा राहिला. आणि एक गोष्ट कबूल करायची राहिली. ती लगेच लिहवत नाही, जरा मागून येते.

सत्तर सालच्या जूनमध्ये मी भूगोलाची बाई म्हणून या शाळेत लागले. पहिल्याच आठवड्यात पृथ्वीचा गोल मागायला तुमच्याकडे आले, तर तुम्ही गोल पुसून हातात दिलात आणि म्हणालात, "बाई, दुर्बीण बी हाय. पर कुनी मागत न्हाय."

पितळी दुर्बीण, लांब लाकडी पेटीत, कधीकाळी कुणी देणगी दिलेली. तिचे स्क्रू तुम्ही शिवणयंत्राच्या तेलानं सैल करून ठेवले होते. शाळा सुटल्यावर तुम्ही ती गच्चीवर मांडलीत, चंद्र धरलात आणि बाजूला झालात. मी डोळा लावला. तुम्ही मागून विचारलंत, "खाली डाव्या अंगाला मेंढवाडा दिसतोय का?" मला आधी कळेना. मग दिसलं, एक मोठं वाटोळं विवर, कडेनं उभी भिंत. त्याच्या शेजारचं तुमचं 'पडकी ताल', म्हणजे ढासळलेला बांध, त्याच्या वरचं 'कोरडं तळं'. कुणी मागत नसलेल्या दुर्बिणीतून तुम्ही कित्येक वर्षं एकट्यानं चंद्र बघत होता आणि त्यातल्या जागांना नावं देत होता. पुस्तकातली नावं मला पाठ होती. त्या संध्याकाळी मी एकही सांगितलं नाही.

वाद त्यानंतरच्या आठवड्यात सुरू झाला. मी तुम्हाला गुरू ग्रह दाखवायला सांगितला. तुम्ही दाखवलात, त्याचे चार चंद्र एका ओळीत. मी म्हणाले, आता माणसानं तिकडे यान धाडलं पाहिजे. तुम्ही मान हलवलीत.

"हितलंच अजून झालं न्हाय की, बाई. चंद्रावर दोन-चार येळा गेली मानसं. तेवढ्यानं काय कळतंय? मेंढरं घिऊन निगालं की पयला मुक्काम एका दिवसाच्या वाटंवर असतोय. तितलं पानी बगायचं, चारा बगायचा, जनावर कुटनं येतंय त्ये बगायचं. मंग फुडचा मुक्काम. एकदम धा मुक्काम लांब कोन जातं?"

"यानाला चारा लागत नाही, मामा. माणूस पाठवायचाच नाही. यंत्र पाठवायचं."

"मंग यंत्र बगंल. मानसानं काय बगितलं?"

मी सांगितलं की लांबचे ग्रह आता अशा जागी येताहेत, की एकाच्या ओढीनं पुढच्याकडे जाता येईल, आणि ही संधी हुकली तर आपल्या पणतवंडांनासुद्धा मिळणार नाही. तुम्ही म्हणालात, चंद्र काय कुटं जात न्हाय म्हनूनच त्येच्याकडं कुनी बगत न्हाय. असं साडेतीन वर्षं चाललं. चंद्र तुमचा, गुरू माझा. शिक्षकांच्या खोलीत लोक हसायचे आपल्याला. एक भूगोलाची बाई आणि एक प्रयोगशाळेचा मामा, आणि भांडण कशावरून, तर माणसानं आधी कुठल्या ग्रहावर जावं यावरून.

मी 'लांबचं' का धरून बसले होते हे तुम्हाला मी एकदाच सांगितलं, तेही अर्धं. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं. खाली दोन माग, वर आम्ही सातजण, घरात तेलुगू आणि उंबऱ्याबाहेर मराठी. मॅट्रिक झाले आणि कॉलेजचं नाव काढलं तर आई म्हणाली, "मुंदु इल्लु." आधी घर. आधी भावाची परीक्षा, मग बहिणीचं लग्न, मग वडिलांचं दुखणं. ते 'आधी' संपतच नव्हतं. मी कॉलेजात गेले ती भांडून, सहा वर्षं उशिरा. त्यामुळे आधी जवळचं उरका, मग लांबचं बघू, असं कुणी म्हटलं की मला आईचा आवाज ऐकू यायचा. हे ऐकल्यावर तुम्ही बराच वेळ पेटी पुसत राहिलात. मग म्हणालात, "तुमच्या बाबतीत त्ये खरं हाय, बाई. चंद्राच्या बाबतीत न्हाय." माझ्या घरातल्या कुणी एवढं कबूल केलेलं नव्हतं.

बाहत्तरच्या ऑगस्टमध्ये मी मुलींची वादविवाद स्पर्धा ठेवली. विषय आपलाच. लांबच्या बाजूच्या मुलींची तयारी मी करून घेतली. जवळच्या बाजूला कुणी शिक्षक मिळेना, तर त्यांनी न बोलता प्रयोगशाळेत यायला सुरुवात केली. तुम्ही परीक्षानळ्या धूत त्यांना सांगायचात, हे मला नंतर कळलं. स्पर्धेत तुमची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "पाहुणा दारात उभा राहून पाणी पिऊन निघाला, तर तो आपल्या घरी आला होता असं आपण म्हणत नाही. माणूस अजून चंद्रावर गेलेला नाही." मोठ्या बाईंनी बक्षीस तिला दिलं. दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या टेबलावर दुर्बिणीच्या पेटीची किल्ली ठेवून गेलात.

पण त्या ऑगस्टची आठवण काढली की मला दुसरंच आठवतं. पाऊस नव्हता. आषाढ कोरडा गेला, श्रावण कोरडा गेला. आदल्या सालीही तेच झालेलं. एरवी या दिवसांत गच्चीवर दुर्बीण न्यायची सोय नसते, आणि त्या साली रोज संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं. गुरूचे पट्टे मला त्या महिन्यात पहिल्यांदा दिसले. मी आनंदानं तुम्हाला हाक मारली. तुम्ही आलात, पण दुर्बिणीकडे गेला नाहीत. कठड्याशी उभं राहून उघड्या डोळ्यांनी वर बघत राहिलात.

"आबाळ असं उगडं पडू ने, बाई," तुम्ही म्हणालात. "ह्ये बगायचं न्हाय. ह्येच्याकडं बगून आनंद करायचा न्हाय."

मी दुर्बीण पेटीत घातली. त्यानंतरच्या संध्याकाळी तुम्हीच परत काढलीत, पण तुमचं ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. निरभ्र हा शब्द मुलींना शिकवताना मी तेव्हापासून अडखळते.

दिवाळीपर्यंत तुमच्या वस्तीवरची निम्मी मेंढरं गेली होती. शनिवारी अर्ध्या शाळेनंतर तुम्ही एसटीनं जायचात आणि सोमवारी सकाळी परत आलात की तुमच्या तोंडाकडे बघून मी विचारायचं सोडून दिलं. विहीर आटली. वस्तीनं ती सुरुंग लावून दोन पुरुष खोल केली. पाणी लागलं, मातकट. वर तुमच्या आजोबांच्या वेळचं दगडी बांधकाम, खाली नवा उकललेला मुरूम. तुम्ही मला म्हणालात, "इहीर पोटातनं हालली, बाई." मी म्हणाले, पाणी तर लागलं ना. तुम्ही म्हणालात, व्हय.

त्याच डिसेंबरात चंद्रावर माणसं उतरली. आपण संध्याकाळी गच्चीवर होतो, अर्ध्याला आलेला चंद्र डोक्यावर. तुम्ही डोळा लावून होता. "आत्ता तितं दोगं हायेत," तुम्ही म्हणालात, शेजारच्या खोलीत कुणी बसलंय असं सांगावं तसं. मग विचारलंत, "परत कवा जानार?"

"आता नाही. हे शेवटचे."

"शेवटचे म्हंजे?"

"कार्यक्रम संपला. यापुढे माणूस जाणार नाही. गुरूकडे यान गेलंय मार्चमध्येच, आता ते बघायचं."

मला खरं तर त्यात थोडा विजय वाटत होता, मामा. तुम्ही दुर्बिणीवरून डोळा काढलात. खाली रस्त्यावर पाण्याच्या टँकरपाशी घागरींचा आवाज चालला होता, बायकांची भांडणं चालली होती. "हातात आलेलं सोडून चालले," एवढंच म्हणालात, आणि खाली टाकीत पाणी आहे का बघायला गेलात.

यंदा जूनमध्ये पाऊस आला. सगळं सोलापूर दारात येऊन उभं राहिलं. तुमची विहीर काठोकाठ भरली. वस्तीनं काठावर पूजा केली, नारळ फोडला. तुम्ही सोमवारी परत आलात आणि थेट परीक्षानळ्या धुवायला लागलात. मी विचारलं, "आता तरी बरं वाटतंय ना?" तुम्ही म्हणालात, "मुरमाला पानी पाजलंय, बाई. आता त्ये उतराया लागलं की बगायचं."

दिवाळीनंतर लगेच तुम्ही माझ्याकडे सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या मागितल्यात. मी म्हणाले, प्रयोगशाळा तुमच्या ताब्यात आहे, मला काय विचारता. तुम्ही म्हणालात, वस्तीवर न्यायच्यात, म्हनून विचारतोय. विहिरीच्या दगडी काठाला केसाएवढी चीर पडली होती. तिच्यावर आडवी काचपट्टी सिमेंटनं चिकटवायची. चीर वाढली तर काच तडकणार. हे तुम्हाला कुणी शिकवलं ते मी विचारलं नाही. बहुतेक कुणीच नसेल.

पहिली काच पंधरा दिवस टिकली. तुम्ही तिचे तुकडे कागदात बांधून परत आणलेत, प्रयोगशाळेचा माल म्हणून. दुसरी आठ दिवसांत गेली. तुम्ही वहीत चिरेची रुंदी लिहीत होता, पट्टीनं मोजून, तुमच्या त्या मोठ्या वाकड्या अक्षरात, आणि प्रत्येक सोमवारी वही माझ्यापुढे धरत होता. मी बघत होते. आकडे वाढत होते हे मला दिसत होतं. मी म्हणाले, "छान नोंदी ठेवल्यात." मुलींच्या वहीवर शेरा मारावा तसं.

आता ती गोष्ट.

तुम्ही गेलात त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी, शेवटचा तास संपल्यावर, तुम्ही नकाशांच्या खोलीत आलात. मी जमिनीवर बसून गुरूचा तक्ता रंगवत होते. यान पोचायला चार दिवस राहिले होते. मंगळवारी सगळ्या शाळेपुढे माझं व्याख्यान होतं.

"बाई, परवा रविवारी वस्तीवर याल का?"

"काय काम काढलंत?"

"इहीर बंद करून घ्यावी लागतीया. तालुक्याला अर्ज करायचाय. तुमी डोळ्यांनी बगून ल्हिलं तर बरं पडंल. माजं ल्हिनं तुमाला ठावं हाय."

"अहो, मंगळवारी व्याख्यान. तीन तक्ते राहिलेत. पुढच्या रविवारी नक्की येते."

तुम्ही तक्त्याकडे बघितलंत. "किती दीस झालं त्ये निगून?"

"पावणेदोन वर्षं."

"मंग तुमी न्हाय बगितलं म्हनून त्ये थांबनार हाय का?"

मी हसले. मला वाटलं, तुम्ही आपला नेहमीचा वाद काढताय. आणि वादात उत्तर द्यावं तसं मी म्हणाले, "आणि विहीर आठ दिवसांत कुठं पळून जातेय?"

हे मी बोलले, मामा. तुम्ही "बरं" म्हणालात. खोलीत अंधारून आलं होतं, म्हणून जाताना बटण दाबून दिवा लावून गेलात.

हौसाबाईंना मी हे अजून सांगितलेलं नाही.

रविवारी काय झालं ते त्यांनी मला जसं सांगितलं तसं लिहिते. सकाळी तुम्ही विहिरीवर गेलात तर तिसरी काच तडकलेली, आणि चिरेत बोट जात होतं. तुम्ही बाभळीच्या फांद्या तोडून आणल्यात, काठाभोवती टाकायला लागलात. बायका पाणी शेंदत होत्या. तुम्ही त्यांना उठवलंत. त्या कुरकुरल्या, एकीची घागर अर्धी भरली होती. तुम्ही ती घागर लाथेनं उडवलीत. "कवा आवाज चढवला न्हाय त्या मानसानं," हौसाबाई म्हणाल्या, "आन त्या दिवशी घागर लाथाडली. तवा आमी भ्यालो आन पळालो." सगळ्या फांद्यांच्या बाहेर आल्या. मग तुम्हाला दिसलं की पलीकडच्या बाजूला, पायऱ्यांच्या तोंडाशी, तुमची चुलती बसून लुगडं धूत होती. म्हाकूबाई. तिला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. सगळ्यांनी हाका मारल्या. तिची पाठ होती. तुम्ही काठावरून धावत गेलात, तिला दंडाला धरून उचललंत आणि बाहेर ढकललंत. ती पालथी पडली. ती उठून मागं वळली तेव्हा काठ नव्हता.

सोमवारी प्रयोगशाळा बंदच होती. मला वाटलं एसटी चुकली असेल. दुसऱ्या तासाला सांगोल्याच्या गाडीचा कंडक्टर शाळेच्या फाटकाशी आला. तुम्हाला दर सोमवारी आणणारा. तो टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "तुमच्या मामांच्या अंगावर इहीर ढासळली. काढायचं चाललंय." त्याच्याच परतीच्या गाडीनं मी आले. तक्ते टेबलावर तसेच राहिले. व्याख्यान झालं नाही.

दोन दिवस माणसं खोदत होती. सगळी वस्ती, शेजारच्या वस्त्या, दुष्काळी कामावर दगड फोडलेली माणसं, त्यांचे हात सराईत. मध्येच वरून माती सुटायची, सगळे मागं पळायचे, थांबायचे, परत उतरायचे. हौसाबाई एका जागी बसून होत्या. मी त्यांच्या शेजारी. म्हाकूबाई दर थोड्या वेळानं उठून काठाकडे जायला बघायची आणि दोन बाया तिला धरून परत आणायच्या. तिला काय झालंय ते पुरतं समजलं होतं की नाही, मला माहीत नाही. ती स्वतःच्या दंडावर तुमच्या बोटांचे वळ उठले होते ते सगळ्यांना दाखवत होती.

मंगळवारी दुपारनंतर तुम्ही सापडलात. दिवस मावळायच्या आत माती दिली.

माणसं पांगली तेव्हा मी सवयीनं वर बघितलं. अर्ध्याहून थोडा मोठा चंद्र वर आला होता. पश्चिमेला शुक्र, त्याच्या जरा वर गुरू, स्थिर, पिवळट. त्याच दिवशी ते यान त्याच्या जवळून चाललं होतं. माणसानं केलेली वस्तू पहिल्यांदाच तिथं पोचली होती आणि मी चिखलानं भरलेल्या पायांनी तुमच्या मातीपाशी उभी होते. मी गुरूकडे बघितलं. लाज वाटली, तरी बघितलं. तुम्हाला खोटं सांगणार नाही.

नंतर पेपरात छायाचित्रं आली. मोठ्या बाईंनी कात्रणं माझ्यासाठी ठेवली होती. ती सुंदर आहेत, मामा. तुम्ही असता तर म्हणाला असता, यंत्रानं बगितलं. मी चिडले असते.

वाद मी सोडलेला नाही. लोकांना वाटेल, या बाईला आता कळलं असेल की मामांचं बरोबर होतं, आधी पायापाशी बघावं. मला तसं कळलेलं नाही. तुम्ही विहिरीत गेलात म्हणून चंद्र जवळचा आणि गुरू वायफळ असं ठरत नाही. तुम्हीही असं ठरू दिलं नसतं. पुरावा कशाचा आणि निष्कर्ष कशाचा, हे तुम्ही मुलींना माझ्यापेक्षा नीट सांगायचात. मला कळलं ते निराळंच आहे आणि ते जास्त वाईट आहे. आयुष्यभर ज्यांनी मला 'आधी जवळचं' म्हणून अडवलं, त्यांचं ते जवळचं कधीच तेवढं निकडीचं नव्हतं. त्यामुळे ते शब्द ऐकले की कान बंद करायचे, हे मी शिकून घेतलं होतं. तुम्ही खरं सांगत होता, वहीत मोजून सांगत होता. आणि मला तुमच्यातला आणि त्यांच्यातला फरक ओळखता आला नाही. तुम्हाला मात्र माझ्यातला आला होता. "तुमच्या बाबतीत त्ये खरं हाय," असं तुम्हीच म्हणाला होता.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आसपासच्या सगळ्या विहिरी तपासाव्यात असा अर्ज मी लिहिला आणि तालुक्याला नेऊन दिला. तुमच्या वहीतले आकडे त्यात उतरवले. कारण दुष्काळाच्या साली त्या भागातल्या सगळ्याच विहिरी सुरुंग लावून खोल केल्या होत्या आणि सगळ्यांचाच मुरूम यंदा पाणी प्यायला आहे. अर्ज घेतला. माणूस पाठवतो म्हणाले, पुढच्या आठवड्यात. मी म्हणाले, पुढचा आठवडा लांब आहे. त्यांना ते समजलं नाही, आणि समजावं अशी अपेक्षाही नव्हती.

काल रविवारी मी काचपट्ट्यांची पेटी घेऊन गेले. हौसाबाई बरोबर आल्या, मी न सांगता. तीन विहिरींवर आम्ही काचा बसवल्या. सिमेंट कालवायला हौसाबाईंना येतं, तुमच्याकडून बघून शिकल्या. चौथी विहीर ओढ्याच्या पलीकडची. तिथं काच लावायची गरजच नव्हती. चीर लांबूनच दिसत होती, काठाच्या एका दगडापासून थेट आतल्या मुरमापर्यंत गेलेली. सहा-सात बायका पाणी शेंदत होत्या. मी लांबूनच ओरडले, बाजूला व्हा म्हणून. त्या थांबल्या, पण हलल्या नाहीत. शहरातलं पातळ, चष्मा, हातात पेटी. त्यांनी एकमेकींकडे बघितलं.

त्यातली एक वयस्क बाई म्हणाली, "तुमी कोन?"

शाळेचं नाव, हुद्दा, अर्जाचा क्रमांक, सगळं तोंडाशी आलं होतं. मी म्हणाले, "मी बिरूमामांच्या शाळेतली."

तिनं मागं उभ्या हौसाबाईंकडे बघितलं. मग दोर सोडला आणि घागर तिथंच ठेवून चालू लागली. बाकीच्या तिच्या मागून आल्या. आम्ही सगळ्या जणी ओढ्याच्या काठी बाभळीखाली जाऊन बसलो. ऊन चांगलं वर आलं होतं, आभाळात एक ढग नव्हता. विहिरीच्या काठावर रिकाम्या घागरी तशाच उभ्या होत्या.

थोड्या वेळानं आत कुठंतरी ढेकूळ पाण्यात पडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा आला, पहिल्यापेक्षा मोठा, आणि त्या वयस्क बाईनं माझा हात घट्ट धरला.